मान सांभाळा, पुंजाकाका

जव्हारच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. येणारा माणूस काउंटरला टेकून आधी स्वतःचं दुखणं सांगतो, मग शेजाऱ्याचं, मग बैलाचं, आणि शेवटी डोकेदुखीची एक गोळी घेऊन निघून जातो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. "हुमाच्या गोळ्या गोड, पण जीभ कडू," असं माझ्यामागे बोलतात, तेही मला ठाऊक आहे. पण एका माणसाला काहीच होत नव्हतं, आणि त्याच्या त्या 'काहीच नाही'पायी मी जितकी वणवण केली तितकी कुणा आजाऱ्यासाठीही केली नसेल. तो माणूस म्हणजे सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचे पुंजाकाका.

पुंजाकाका म्हणजे उंचीने बेताचे, आवाजाने मोठे. शेतात भात आणि नागली. कापणी-झोडणी उरकली की ठाण्याकडे इमारतीच्या कामाला जायचं, सिमेंटच्या गोणी वाहायच्या, येताना थोडी हिंदी घेऊन यायचं आणि ती पाड्यावरच्या कोंबड्यांवर वापरायची, असा त्यांचा वर्षाचा क्रम. मान अशी जाडजूड की माझे अब्बा त्यांचं माप घेताना टेप हातात धरून विचारायचे, "पुंजा, तुझी मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, ते आधी सांग." माझे अब्बा इदरीस शिंपी. पुंजाकाकांची आणि आमची ओळख अब्बांच्या मशीनवरच झाली, आणि तिचं कारण होतं रावण.

आमच्या भागात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवादानवांचे मोठमोठे मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर लोक रात्रभर नाचतात. त्याला सोंग काढणं म्हणतात. कोणतं सोंग कुणाच्या घराकडे हे ठरलेलं असतं, आणि तो त्या घराचा मान. पुंजाकाकांच्या घराकडे रावणाचा मान. रावणाचा मुखवटा म्हणजे दहा तोंडांची रुंदच्या रुंद लाकडी फळी, आणि ती पेलायला खाली मान एकच. ती पुंजाकाकांची. अंगरखा मात्र अब्बांच्या हातचा. "इदरीसभाईचा झगा नसला तर रावण लंगडतो," असं काका म्हणायचे, आणि अब्बा खूश होऊन झालरीला दोन बोटं जास्त कापड लावायचे.

गेल्या दिवाळीनंतर काका पुतण्याच्या, म्हणजे धनेशच्या, मोटारसायकलवर मागे बसून निघाले होते. आमच्या डोंगरात पाणी कमी, पण पाण्याचे पाइप भरपूर. कुणीतरी झऱ्याचं पाणी खाली आणायला काळा पाइप या झाडावरून त्या झाडावर, रस्त्याच्या डोक्यावरून नेला होता आणि मधे तो चांगलाच लोंबत होता. धनेशला ते माहीत होतं, तो खाली वाकला. काका मात्र मागे वळून, वाटेत भेटलेल्या एका पाहुण्याशी ओरडून बोलत होते. पाइपाने त्यांना गळ्याशी धरलं आणि अलगद मागच्या मागे उतरवून ठेवलं. मागचा भार असा अचानक गेल्यावर धनेशची गाडी डुलली आणि तोही पडला. त्याचं कोपर मोडलं. काका उठले, कपडे झटकले, पुतण्याला उचललं, वर पाइपवाल्याला दोन शिव्या दिल्या. कानाखाली एक निळसर वळ तेवढा उठला होता.

"मुका मार हाय," काकांनी जाहीर केलं. "दोन दिसांत जाईल."

धनेशला नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. मला माल आणायला तिकडे जायचंच होतं, त्यामुळे मीही त्या वरातीत सापडले. काका सोबतीला. कोपराचं काम चाललं असताना तिथल्या अपघात विभागातल्या डॉक्टर हर्षदा काकांकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला काय झालं?"

"माला काय व्हायचं? मी सोबतीला आलोय."

"मानेवर वळ कसला आहे?"

काकांनी पाइपाची गोष्ट रंगवून सांगितली. वॉर्डातली बाकीची माणसं हसली, डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी काकांना सरळ यंत्रात घातलं. गेला सोबतीला आणि झाला पेशंट, असा प्रकार.

फोटो आल्यावर हर्षदा मॅडमनी मला आणि काकांना बसवून समजावलं. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी एक मोठी नळी असते. पाइपाच्या हिसक्याने ती बाहेरून शाबूत राहिली होती, पण आतून फाटली होती. मी शिंप्याची मुलगी, मी काकांना माझ्या भाषेत सांगितलं, "झग्याचं वरचं कापड धड आहे, आतलं अस्तर उसवलंय." उसवलेल्या जागी रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर हात जाईल, पाय जाईल, वाचा जाईल, किंवा माणूसच जाईल.

"जाईलच?" काकांनी विचारलं.

"तसं नाही. कित्येकांना कधीच काही होत नाही. चक्कर येते? एका डोळ्यापुढे अंधारी? हाताला मुंग्या? बोलताना अडखळणं?"

काकांनी प्रत्येकाला नाही म्हटलं. अडखळण्याच्या प्रश्नाला तर मीच नाही म्हटलं.

"म्हणजे लक्षणं काहीच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

तोवर नवशीकाकी पाड्यावरून येऊन पोचली होती. नवऱ्याला खाटेवर बसलेला बघून ती घाबरली होती, आणि घाबरली की ती भांडते. "लक्षणं?" ती म्हणाली. "ह्याची लक्षणं लग्नापासून धड नायत. तुमाला आज कळलं?"

मग हर्षदा मॅडमनी आणखी तिघांना बोलावलं, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. काकांनी त्या तिघांना त्यांच्या कामावरून नावं दिली: मेंदूवाले, नळीवाले आणि तारवाले.

मेंदूवाले डॉक्टर उंच, बोलणं मोजकं. त्यांनी पडद्यावरचा फोटो बघितला आणि म्हणाले, "अ‍ॅस्पिरिन. रोज एक गोळी. काही महिन्यांनी पुन्हा फोटो. संपलं."

नळीवाले रक्तवाहिन्यांचे सर्जन. त्यांनी मान हलवली. "एवढ्या फाटीला अ‍ॅस्पिरिन म्हणजे वाघाला पळवायला टाळ्या वाजवण्यासारखं आहे. रक्त नीट पातळ करायला हवं. वॉरफरिन द्या, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासा."

"आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर तो कोण निस्तरणार?" मेंदूवाले म्हणाले. "मीच ना?"

तारवाले तरुण, उत्साही. मांडीतल्या नळीतून बारीक तार घालून थेट मानेपर्यंत पोचायचं हे त्यांचं काम. "इतका घोळ कशाला? आतून जाळी बसवू. अस्तर दाबून बसेल, विषय मिटेल."

"ज्याला काहीही होत नाही, त्याच्या मानेत जाळी?" या एका गोष्टीवर मात्र मेंदूवाले आणि नळीवाले एकदम बोलले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

काका एकदा याच्या तोंडाकडे बघत होते, एकदा त्याच्या. शेवटी तिघंही काकांकडे वळले आणि म्हणाले, "निर्णय तुमचा आहे."

"डाक्टर तुमी का मी?" काका म्हणाले.

मला वाटलं हा माणूस आता उठून घरी जाणार. पण काकांनी चटकन नळीवाल्यांकडे बोट दाखवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, यांनाच का? तर म्हणाले, "बाकीचे टीवीत बघत व्हते. ह्यानं माझी मान हातात घेऊन बघितली."  यापेक्षा वाईट कारणाने लोक डॉक्टर निवडतात, हे मी रोज बघते.

निघताना नळीवाल्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुंजाकाका, मान सांभाळा बरं का."

"त्याची काळजीच नको साहेब," काका छाती काढून म्हणाले. "बापजाद्यांपासून सांभाळतोय. औंदाबी सांभाळणार."

डॉक्टर समाधानाने हसले. मीही हसले. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काका नवशीकाकीला सांगत होते, "बघ, मोठा डाक्टर सोता म्हणाला, मान सांभाळा. रावण काढायला परवानगी हाय!"

मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं. ती मान वेगळी आणि तो मान वेगळा, हे आधी काकांना समजावलं; मग डॉक्टरांना बोहाडा समजावला. दहा तोंडांची लाकडी फळी, ती डोक्यावर बांधून नाचणं, मधेच गर्रकन वळणं. नळीवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी तारवाल्यांना हाक मारली. मेंदूवालेही आले. हर्षदा मॅडमही आल्या. औषधावर ज्यांचं अजिबात पटत नव्हतं त्या चौघांनी रावणाचं नाव ऐकताच एका सुरात सांगितलं: नाही. यंदा तर नाहीच.

"औषधाला भांडता, आन माझ्या रावणावर बरं एकमत झालं तुमचं," काका म्हणाले. जाताना त्यांनी कुणाला नमस्कारही केला नाही, आणि हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

खरं सांगायचं तर या माणसाला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती बोहाड्याला रिकाम्या मानेने उभं राहावं लागण्याची. अंगात दुखत नाही, खुपत नाही, गोणी उचलली तर उचलते, मग काय म्हणून रावण सोडायचा, हा त्यांचा सवाल.  ज्याला दुखतं त्याला गप्प बसवायला एक गोळी पुरते. ज्याला दुखतच नाही त्याला कशाने गप्प करणार?

वॉरफरिन सुरू झालं. हे औषध मोठं नखरेल. जास्त झालं तर हिरडीतून, लघवीतून रक्त येईल, कमी पडलं तर घेतलं न घेतलं सारखंच. म्हणून जव्हारला येऊन सारखं रक्त तपासायचं आणि रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा नळीवाल्यांना फोनवर कळवायचा. पालेभाज्यांनी या औषधाचा जोर उतरतो, म्हणून पाला बेताचा आणि रोज सारखाच खायचा, एकदम वाढवायचा नाही, हे मी काकांना दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान डोलवली. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही, कारण तेवढी ती मान हलवणंही मला नको वाटायला लागलं.

पण आकडा काही वर जाईना. नळीवाल्यांनी गोळी वाढवली. आकडा तिथेच. आणखी वाढवली. आकडा ढिम्म. मला वाटलं, म्हातारा गोळ्या कोंबड्यांना घालतोय. एका बाजाराच्या दिवशी काका-काकी दुकानात आले तेव्हा मी भर गिऱ्हाइकांत सुरू झाले. "गोळ्या घ्यायच्या नसतील तर तसं सांगा, मी फोन करकरून थकले. तिकडे तो डॉक्टर डोकं धरून बसलाय आणि तुम्ही इथे मजा बघताय."

"सूर्याची आन, रोज घेतो," काका म्हणाले.

"घेतो," नवशीकाकी म्हणाली. "मी सोता देते. पण मीबी काय गप बसलेली नाय."

"म्हणजे?"

काकीने कमरेवर हात ठेवले. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला धसका बसला. "पोरी, माझं आख्खं आयुष्य नर्सबाय सांगतेय, रक्त पातळ झालंय, पाला खा, नागली खा. दोन बाळंतपणं मी त्या पाल्यावर काढली. आन हे तुमचे डाक्टर म्हणतात, ह्याचं रक्त पातळ करा! धडधाकट माणसाचं! मारायचा हाय का त्याला? मग मी म्हणलं, करा तुमी पातळ. मी दाट करते. बघू कोण जिंकतं."

"मी यांना पालेभाज्यांचं सांगितलं होतं, काकी!"

"सांगलं ना ह्यानं. म्हणाला, हुमाबायनं पालेभाज्यांचं कायतरी सांगलंय. मी म्हणलं, शानी पोर हाय."

सकाळी शेवग्याचा पाला, दुपारी हरभऱ्याचा, सांजच्याला माठ. शेजारणीसुद्धा आपापल्या परसातला पाला आणून देत होत्या. नाशिकचा एक नावाजलेला सर्जन आणि सूर्यमाळची नवशी, दोघं एकाच माणसाच्या रक्तात समोरासमोर ओढाओढ करत होते, आणि नवशी जिंकत होती. रांगेतली गिऱ्हाइकं तिच्याच बाजूची होती, हे वेगळं सांगायला नको.

मी नळीवाल्यांना फोन लावला.  सगळं ऐकून ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसू आवरल्यावर लगेच कामाचं बोलले. पाला एकदम बंद करू नका. गोळी एवढी वाढवली आहे की पाला थांबला तर रक्त फार पातळ होईल. आधी गोळी कमी करू, मग बाईंना म्हणावं हळूहळू हात आखडा. "आणि त्यांना सांगा," ते म्हणाले, "की मी हरलो."

मी तो निरोप पोचवला. काकी आठवडाभर पाड्यावर राणीसारखी फिरली म्हणे.

बोहाडा जवळ आला तशी दुसऱ्या फोटोची वेळ झाली. आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. काकांचा सगळा जीव त्या फोटोत होता. जखम भरली असेल तर रावण त्यांचा, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. जाताना एसटीत ते संबळाच्या तालावर बोटं वाजवत होते.

जखम होती तशीच होती. वाढली नव्हती, भरलीही नव्हती.

तिघंही पुन्हा पडद्यापुढे उभे राहिले. "बघा, वाढली नाही," मेंदूवाले म्हणाले, "म्हणजे एवढ्या औषधाची गरजच नव्हती." "भरली नाही," नळीवाले म्हणाले, "म्हणजे औषध पुरतं मिळालंच नाही, पाल्यात गेलं." "दोन्ही नाही," तारवाले म्हणाले, "म्हणजे जाळी." एकच फोटो, आणि प्रत्येकाला त्यात आपलंच म्हणणं दिसत होतं. माझं डोकं सटकलं. कँटीनमध्ये हर्षदा मॅडम चहा प्यायला बसल्या होत्या, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काका-काकी माझ्या मागे.

"मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं. एकाच मानेबद्दल तिघांची तीन मतं कशी? यातला खरा कोण?"

त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. "खरं सांगू? पक्कं कुणालाच माहीत नाही. दुखत नसेल तर माणूस आमच्याकडे येतच नाही, पुंजाकाकांसारखा चुकून सापडतो. असे पुरेसे लोक गोळा करून, कुठला उपाय बरा हे कुणी पुरतं ताडून बघितलेलं नाही. मग प्रत्येकजण आपल्या अनुभवाने जातो." त्या जरा थांबल्या. "नळीवाले म्हणता ना तुम्ही, त्यांचा एक पेशंट होता. असाच, काही होत नव्हतं. नुसती अ‍ॅस्पिरिन दिली होती. घरी मुलीच्या लग्नाची तयारी करताना वाचा गेली, ती आलीच नाही. आणि मेंदूवाल्यांचा एक होता, रक्त पातळ करायचं औषध चालू असलेला. न्हाणीत पाय घसरून डोकं आपटलं. ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. तारवाल्यांनी अजून कुणी गमावलेलं नाही, म्हणून ते हसतात. कुणीच मुद्दाम भांडत नाही हो. प्रत्येकाच्या मागे एकेक माणूस उभा आहे."

मी तोवर त्या तिघांवर मनातल्या मनात पुष्कळ तोंडसुख घेतलं होतं. ते ऐकून मला त्यांची माया वाटली. मेंदूवाले तुसडे नव्हते, भ्यालेले होते. काकांनी चहाचा कप तसाच ठेवला होता.

"आन तुमच्या मागं?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"माझ्या मागे तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्या दिवशी वळ दिसल्यावर सोडलं नाही."

परतीच्या एसटीत काका खिडकीशी बसले. त्र्यंबक मागे पडलं, घाट लागला, तरी गप्प. पुंजाकाका गप्प म्हणजे मलाच काहीतरी लक्षण वाटायला लागलं. मी वाकून बघितलं, तोंड वाकडं तर झालं नाही ना.

"काय बघतेस? जिता हाय," ते म्हणाले. मग खिडकीकडून माझ्याकडे वळले. "हुमाबाय, माला काय होत नाय, ते खरंच हाय. आन उद्या होईल का नाय ते त्या चौघांना ठाव नाय. म्हणजे नाचता नाचता बी होईल, नाय बी व्हायचं. आता ऐक. पुंजा पडला तर काय? नवशी रडंल, पाड्यावरची मानसं लाकडं तोडतील, तेराव्याला जेवतील, रोवणीला शेतात जातील. पण मी रावणात असताना पडलो तर रावण पडतो. आमच्याकडं सोंग जमिनीला टेकलं तर ते वरीस आख्ख्या पाड्याला वाईट. कुनाचं ढोर मेलं, कुनाचं पोर आजारी पडलं, तरी म्हणतील, पुंजानं रावण पाडला. माझ्या जिवाचं मी बघीन. पाड्याच्या वरसाचं कसं बघू?"

मला वाटलं, चार डॉक्टरांना जे पटवता आलं नाही ते यांनी स्वतःचं स्वतःला पटवलं. ते मात्र पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

रावण धनेशकडे गेला; त्याचं कोपर तोवर जुळून आलं होतं. धनेश आधी तयारच होईना. माझ्यामुळे तुमची मान गेली आणि आता मानही मीच घेऊ, म्हणून रडला. काकांनी त्याला बोलूच दिलं नाही, पाण्याचे हंडे डोक्यावर देऊन अंगणात गोल गोल फिरवलं. पाणी सांडलं की शिवी. अब्बांनी अंगरखा नव्याने मापला. धनेशची मान बारीक, त्यामुळे गळ्याशी कापसाची गादी करून शिवावी लागली, आणि शिवताना अब्बा सारखे नाक ओढत होते. सर्दी झालीय म्हणाले. औषधाचंही काकांनीच ठरवलं. इतके महिने रक्त पातळ करणारं घेतलंच होतं, आता अ‍ॅस्पिरिन घेतो, म्हणजे नवशीला पाला घालायला मोकळीक. धनेशसोबत नाशिकला जाऊन त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा नळीवाल्यांनी थोडी कुरकुर केली आणि होय म्हणाले. मेंदूवाल्यांनीही हे ऐकलं, आणि त्या दिवशी त्यांनी काकांना पहिल्यांदाच दारापर्यंत सोडलं, असं धनेशने मला सांगितलं.

बोहाड्याला अब्बा आणि मी गेलो. त्या पाड्यावर रावण सगळ्यात शेवटी निघतो, दिवस चांगला वर आल्यावर. धनेशला मुखवटा बांधेपर्यंत काका त्याच्याभोवती घोटाळत होते. ही दोरी आवळ, ती सैल कर, पाय लांब टाकू नको. संबळ वाजायला लागला तसे त्यांचे खांदे आपोआप हलले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते मागे फिरले आणि गर्दी कापत लांब आंब्याखाली गेले. तिथे नवशीकाकी उभी होती. मी तिच्या शेजारीच होते.

"सरक जरा," काका म्हणाले. काकी सरकली.

रावण आला. दहाच्या दहा तोंडांवर ऊन पडलं होतं, ताजा रंग चमकत होता, आणि अब्बांच्या झालरी वाऱ्यावर उडत होत्या. धनेश जरा भीतभीतच नाचत होता, पण वळला मात्र सफाईने. बाया-पोरं मागे सरली. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"हा असा दिसतो?" ते हळूच म्हणाले. "नवशे, हा एवढा मोठा दिसतो? माला आतून नुसती मानसांची पावलं दिसायची."

काकी रावणाकडेच बघत होती. "माला काय विचारतोस," ती म्हणाली. "मीबी आज पयल्यांदाच बघतेय."

"तू तर दर वरसाला हितंच उभी असायचीस."

"असायची. पण वर कधी बघितलंच नाय. तू पडशील म्हणून सारी वरसं मी तुझ्या पायांकडं बघत व्हते."

 रावण वळून परत आमच्या बाजूला यायला लागला, तेव्हा ते दोघंही मान वर करून त्याच्याकडे बघत होते.